दसऱ्याची कात्री

आमच्या घरी दसऱ्याला शस्त्र म्हणून झाडं छाटायच्या कात्रीची पूजा होते. तलवार नाही. ती एके काळी होती असं म्हणतात. पण ग्वाल्हेरच्या प्रत्येक मराठी घरात एके काळी तलवार होती आणि ती कुठे गेली याची प्रत्येक घराची वेगळी हकीकत आहे. आमची विहिरीत पडली. मागच्या गल्लीतल्यांची चोरीला गेली. कुणाची मोडली असं मात्र मी ऐकलेलं नाही.

दक्खनेतून फौजेबरोबर जी माणसं इथे आली त्यांत आचारी, न्हावी, खोगीर शिवणारे, घोड्यांना चंदी घालणारे असे पुष्कळ असणारच. त्याशिवाय फौज चालत नाही. पण लश्करातल्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या भागातल्या, कुठल्याही लग्नात पंगतीला बसावं आणि बोलणं ऐकावं, तर सगळे सरदारच आले होते आणि स्वयंपाक आपोआप होत होता असं वाटतं. आमचे पूर्वज शिलेदार होते, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन नोकरीला आलेले. माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या तोंडी ते हल्ली सरदार असतात. मधल्या एखाद्या पिढीत बढती झाली असावी.

कात्रीची गोष्ट अशी. पूजेनंतर शस्त्र एकदा तरी चालवायचं, नुसतं हळदकुंकू लावून परत ठेवायचं नाही, असा आमच्या घराचा नियम. तलवार गेली तरी नियम राहिला. वडील व्यवहारी होते. घरात ज्याला धार आहे आणि जे हातात घेऊन शेजाऱ्यांना भीती वाटणार नाही, ते शस्त्र, असं त्यांनी ठरवलं. लांब दांड्यांची कात्री पाटावर ठेवायची, तिला झेंडूचं फूल वाहायचं, आणि मग दारापर्यंत चालत जाऊन फाटकाशी असलेल्या गुलाबावर ती चालवायची. तो गुलाब निवडण्याचं कारण एवढंच, की तो दारात होता. घराचं अंगण फरसबंद आहे. मोकळी माती फाटकाच्या खांबाशी तेवढी आहे.

गुलाब वहिनींचा. त्या हजिऱ्याच्या, किल्ल्याच्या पलीकडच्या अंगाच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरच्या दारावरच्या वेलगुलाबाची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या आणि सासूला न विचारता ती खांबाशी खोचली. नव्या सुनेनं न विचारता केलेली ही पहिली आणि बहुधा शेवटची गोष्ट. फांदी लागली. काही वर्षांत ती फाटकावरून पलीकडच्या खांबापर्यंत गेली. हा गुलाब बारमाही फुलणारा नव्हे. वर्षातून एकदा, होळीच्या आगेमागे, फिकट गुलाबी, लहान, घोसाघोसानं फुलायचा, आणि ऊन तापलं की वर्षभर हिरवा होऊन गप्प बसायचा.

वडील गेले आणि कात्री दादाकडे आली. मी तेव्हा इंदूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. सुटीत यायचे तेव्हा एक तर दिवाळी असायची, नाही तर उन्हाळा, आणि दोन्ही वेळी गुलाबाला फूल नसणं हे बरोबरच होतं. निवृत्त होऊन कायमची इकडे आले, पहिला फाल्गुन या घरात काढला, तेव्हा कळलं की गुलाब फुलतच नाही. वर्षानुवर्षं फुललेला नाही. खाली जाड, काळपट, गाठाळ खुंट, त्यावर अर्धं वाळलेलं लाकूड, आणि मधूनच एखादा हिरवा फुटवा. दारात उभा राहिलेला म्हातारा पाहुणा, ज्याला कुणी आत या म्हणत नाही आणि जा असंही म्हणत नाही, तसा तो दिसत होता.

पण जा म्हणणारं निघालं. होळीच्या दुसऱ्या दिवशी चहा पिताना दादानं जाहीर केलं की गुलाब काढायचा.

"त्या खांबावर पाटी बसवायची आहे," तो म्हणाला. "दगडाची. किला गेटजवळ एक कारागीर आहे, त्याला बोललोय मी. 'सरदार' असं वर मोठ्या अक्षरात, खाली आडनाव."

"आपण शिलेदार ना?" मी विचारलं.

"अगं, ते समजावत कोण बसणार? लोकांना सरदार म्हटलं की फौरन कळतं."

वहिनी पोळ्यांचा डबा पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "काढायचा तर काढा. दसऱ्याला मग काय कापणार आहात?"

दादानं याचा विचार केलेला नव्हता. "बघू," तो म्हणाला.

वहिनी डबा घेऊन आत गेल्या. त्या स्वतःसाठी काही मागतच नाहीत, आणि त्यामुळे त्यांना काय हवंय हे या घरात कुणाला कळत नाही. मला कळलं, कारण त्याच दुपारी त्या फाटकाशी उकिडव्या बसून त्या खुंटाच्या बुडातली माती खुरप्यानं मोकळी करत होत्या. उद्या काढून टाकायच्या झाडाची माती कुणी मोकळी करत नाही.

"हजिऱ्याचं घर भावांनी विकलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आता तिथे मॅरेज गार्डन आहे. मी एकदा गेले होते लग्नाला. कुठे दार होतं, कुठे चूल होती, काही लक्षात येईना. ज्या जागी आमचा गुलाब होता तिथे चाटचा स्टॉल लावला होता. चाट बरी होती." माती सारखी करत म्हणाल्या, "तिकडचं एवढंच राहिलंय, वन्सं. ह्याच्या फांद्या मी दोनदा कुंड्यांत लावून बघितल्या. उन्हाळ्यातली गरम लू लागली की जातात."

मी दादाकडे गेले आणि एक वर्ष मागितलं. पुढच्या होळीपर्यंत गुलाब फुलला तर राहील, नाही तर पाटी. दादा उदार झाला. अशा वेळी तो हात असा हलवतो की जणू एखादं गाव इनाम देतोय.

"दिलं," तो म्हणाला.

मला बागकाम येत नाही. पुस्तकं लावता येतात, आणि नोकरीत मी शिकले ते एवढंच, की एखादी गोष्ट हरवली असेल तर ती शेवटची कुठे दिसली होती तिथून सुरुवात करायची. गुलाब शेवटचा कुठे फुलला होता? मी वहिनींना विचारलं. त्यांना आठवेना. उत्तर शेजारून आलं. आमच्या भिंतीला लागून ज्या भाभी राहतात त्या त्याच आठवड्यात एक वाटी घेऊन आल्या. वाटीत फिकट गुलाबी फुलांचा एक घोस होता.

"लीजिए, आपका गुलाब हमारे यहाँ खिला है," भाभी म्हणाल्या. "हर साल खिलता है, थोड़ा-सा. कूलर के पीछे. मैंने सोचा, आपको तो मालूम ही होगा."

आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. वहिनींनी वाटी हातात घेतली आणि ती कुणी मागायच्या आत स्वयंपाकघरात नेली. दादाला हे अजिबात रुचलं नाही.

"खायला आपलं, फुलायला त्यांच्याकडे," तो म्हणाला. "फितूर आहे!"

मी भाभींच्या अंगणात जाऊन पाहिलं. आमच्या गुलाबाची एक लांब फांदी भिंतीवरून पलीकडे उतरली होती आणि त्यांच्या कूलरच्या जाळीमागे जाऊन दडली होती. दादाचा हात तिथवर पोचत नव्हता. बाकी सगळं झाड दरवर्षी दसऱ्याला त्याच्या हाताला लागत होतं.

संध्याकाळी भाजी निवडताना मी वहिनींना विचारलं की वडील दसऱ्याला कितीसं कापायचे.

"मामंजी होय? ते कुठे कापायचे! टोक खुडल्यासारखं करायचे. एवढंसं." त्यांनी करंगळीचं पेर दाखवलं. "शास्त्रापुरतं. हे सुरू झाले तेव्हापासून मात्र युद्ध असतं."

ते युद्ध मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण त्याचं वर्णन मला ऐकून ठाऊक होतं. दादा पगडी घालतो. कात्री दोन्ही हातांनी उचलतो. मग गुलाब गुडघ्याइतका उरेपर्यंत थांबत नाही. आजूबाजूचे बघतात आणि त्याला आणखी जोर चढतो. गल्लीतली एखादी आजी हात जोडते. कापलेल्या फांद्या ओढत नेऊन कचऱ्यात टाकायचं काम वहिनींचं.

मग मी वाचायला बसले, आणि वाचताना हसू आवरेना. गुलाबांत दोन तऱ्हा असतात. बहुतेकांना थंडीच्या तोंडाशी कडक छाटणी मानवते, नव्या फुटव्यावर त्यांना फुलं येतात. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या वेलगुलाबांचं तसं नाही. त्यांच्या ज्या फांद्या पावसाळ्यात वाढतात त्यांवर पुढच्या वसंतात फूल येतं. म्हणजे पावसानं वर्षभराची तयारी करून द्यायची आणि आमच्या घराण्यानं विजयादशमीला ती सगळी मुळासकट नव्हे पण मुळापर्यंत कापून काढायची, आणि मग फाल्गुनात विचारायचं की हा फुलत का नाही. गुलाबानं कूलरमागे पळ काढला यात नवल नव्हतं.

दादाला मी हे सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू म्हणतेस, माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे नाही. शस्त्र चालवण्यामुळे."

"शस्त्र तर चालवावंच लागेल," दादा म्हणाला. "ते बंद नाही होणार. चार पिढ्यांची रीत आहे."

कात्री हे शस्त्र झालं ते वडिलांच्या काळात, म्हणजे रीत फार तर दीड पिढीची. पण मी ते बोलले नाही. एक वर्ष मिळालं होतं, ते वादात घालवायचं नव्हतं.

मार्च संपायच्या आत आम्ही दोघींनी मेलेलं लाकूड काढलं. याला शक्तीपेक्षा सवड लागते. फांदी नखानं खरवडायची. खाली हिरवं निघालं तर ठेवायची, तपकिरी निघालं तर हिरवं लागेपर्यंत मागे मागे कापत यायचं. मी करवत धरली होती आणि वहिनी खरवडत होत्या. "जिवंत," "मेली," "मेली," "थांबा, थांबा, जिवंत," असं चाललं होतं. रस्त्यावरून जाणारी माणसं बावरून बघत होती. सगळ्यांत जुना, पोखरलेला खुंट आम्ही बुडापासून काढला. कापलेल्या जागी वहिनींनी ओल्या हळदीचा लेप लावला. पुस्तकात दुसरं काही लिहिलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

उरलं ते फार थोडं होतं. दादा बघून म्हणाला, "तुम्हीच माझ्यापेक्षा जास्त कापलंत की."

हे खरं होतं. वहिनींचा चेहरा त्या रात्री जेवताना उतरलेला होता.

उन्हाळा इथला काय असतो ते इथल्यांना सांगायला नको आणि इतरांना सांगून कळत नाही. वहिनी पहाटे आणि दिवेलागणीला पाणी घालत. भर दुपारी खांबावर जुनी चादर टाकून ठेवत. पाटीचा दगड मेमध्येच येऊन पडला. कारागिरानं काम लवकर केलं होतं. पिवळसर दगडावर 'सरदार' ही अक्षरं इतकी मोठी होती, की आडनावाला जागा कमी पडून ते खाली अंग चोरून बसलं होतं. दादानं दगड फाटकाच्या आत, खांबाला टेकवून उभा ठेवला, गुलाबासमोरच. पाणी घालताना वहिनींना त्याला रोज वळसा घालावा लागे.

पावसाळ्यात मात्र गुलाब उठला. बुडापासून नवे फुटवे आले, जाड, लालसर, सरळ वर जाणारे. श्रावणात ते फाटकाच्या कमानीला लागले, भाद्रपदात पार झाले. वहिनी त्यांच्याकडे दिवसातून कितीदा बघत असतील ते मी मोजत बसले नाही. बघून झालं की आत येऊन कामाला लागत. दोघींनाही एकच गोष्ट दिसत होती: हे सगळं दसऱ्याच्या आधी वाढत होतं.

दसऱ्याला सकाळी दादानं पगडी घातली. कात्रीला धार लावून आणली होती. पूजा झाली, आरती झाली, दादानं कात्री दोन्ही हातांत घेतली आणि तो फाटकाकडे निघाला. मी मागे होते. माझ्याजवळ बोलायला एक भाषण तयार होतं, फाटकाशी पोचेपर्यंत त्यातलं पहिलं वाक्यही आठवेना.

फाटकापुढे वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या पायांशी पाट मांडलेला, आणि पाटावर एक कोहळा. चांगला मोठा, पांढरी भुकटी धरलेला, पाटणकर बाजारातून आदल्या दिवशी आणलेला. त्याला कुंकू लावलं होतं.

"ह्याच्यावर चालवा," वहिनी म्हणाल्या.

"कात्री? कोहळ्यावर?"

"बळीच्या ऐवजी कोहळाच कापतात ना सगळीकडे? मग. रीत ती रीत."

"अगं, पण कोहळा कात्रीनं कसा कापणार?"

"ते मला काय माहीत? सरदार तुम्ही."

भिंतीपलीकडून भाभी बघत होत्या. गल्लीतली दोनचार माणसं थांबली. दादाला मागे फिरणं शक्य नव्हतं. त्यानं कात्री उघडली, कोहळ्याला लावली, ती घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली आणि कोहळा पाटावरून गडगडत सरदारच्या दगडाला जाऊन लागला. तो परत आणून ठेवला. मग दादानं कात्रीचं एकच पातं आत खुपसलं. ते गेलं, पण निघेना. दादा ओढतोय, कोहळा कात्रीबरोबर वर येतोय, पगडी कानावर आलेली.

"भाईसाहब, नीचे रखकर पाँव लगाइए," भाभी भिंतीवरून म्हणाल्या.

शेवटी कोहळा फुटला. कापला गेला असं कुणी म्हणणार नाही, पण फुटला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दादा घामानं भिजला होता. कात्री पुसून तो मान वर करून गुलाबाच्या त्या लांब लाल फुटव्यांकडे बघत राहिला, आणि मला वाटलं, आता सगळं गेलं.

"बाबा कितीसं कापायचे?" त्यानं विचारलं.

वहिनींनी करंगळीचं पेर दाखवलं.

दादानं सगळ्यात जवळची फांदी धरली, तिचं टोक पेराएवढं कापलं आणि ते तुकडाभर पान वहिनींच्या हातात दिलं. मग तो पगडी काढत आत गेला. दिवाळीपर्यंत आम्ही कोहळ्याच्या वड्या खात होतो. दादानं तक्रार केली नाही.

कार्तिकात फुटवे बांधायचे होते. सरळ वर सोडले तर ते फक्त शेंड्याला फुलतात. आडवे वाकवून बांधले तर प्रत्येक डोळ्यातून फूट येते. वाकवताना घाई केली की मोडतात. वहिनी त्यांना हळूहळू, आज थोडं, उद्या थोडं, असं वळवत. त्यांचा हात कमानीपर्यंत पुरेना. घरातलं स्टूल डुगडुगतं. दुसऱ्या दिवशी मी बाहेर आले तर वहिनी पाटीच्या दगडावर उभ्या होत्या. त्यांनी तो खाली आडवा, अक्षरं मातीकडे करून ठेवला होता.

"सपाट आहे," त्या म्हणाल्या. "हलत नाही बिलकुल."

थंडी गेली, पानं आली. होळी जवळ आली तशा प्रत्येक आडव्या फांदीवर बारीक बारीक फुटी आल्या, आणि त्यांच्या टोकांना हिरवे मणी. कळ्याच होत्या. पण होळी पेटली त्या संध्याकाळी त्यांतली एकही उघडलेली नव्हती. करार फुलण्याचा होता, कळ्यांचा नव्हता, आणि आमच्या घरात शब्दावर फार भर असतो.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी गवंडी आला. दादानं त्याला आठवड्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं. गवंड्यानं खांबाकडे पाहिलं, मग वेलीकडे, मग दगड शोधला.

"बाबूजी, इसको हटाना पड़ेगा," तो वेलीला हात लावून म्हणाला.

वहिनी दारात उभ्या होत्या. हातात कणीक होती. त्या पुढे आल्या नाहीत आणि आत गेल्या नाहीत.

दादा फाटकाशी गेला. चष्मा वर करून त्यानं एक कळी जवळून पाहिली. दुसरी पाहिली. हिरव्या मण्याला एक बारीक चीर गेली होती आणि चिरेत गुलाबी रेघ होती.

"आज नहीं," तो गवंड्याला म्हणाला. "आज मुहूर्त नहीं है."

"तो कब आऊँ?"

"हम बुलवा लेंगे."

गवंड्याला वहिनींनी चहा दिला आणि बरोबर गुजिया, म्हणजे होळीच्या करंज्या, बांधून दिल्या, अगदी लग्नघरचा पाहुणा असावा तशा.

रंगपंचमीला फाटक फुललं. एकदम नाही, आधी वरचा कोपरा, मग मधला, मग भाभींच्या भिंतीकडचा. त्या दिवशी दादाचे जुने ऑफिसातले एक स्नेही रंग लावायला आले होते. ते फाटकात थबकले. दादा त्यांच्याजवळ गेला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"जुना आहे," दादा म्हणाला. "आमच्या पूर्वजांनी दक्खनेतून आणलेला. फौजेबरोबर. घोड्यावरून."

वहिनी त्याच वेळी दगडावर चढून कमानीवरचा एक घोस तोडत होत्या.

"हजिऱ्याहून," त्या वरूनच म्हणाल्या. "तांग्यातून. माझ्या मांडीवर होता."

"तेच म्हणतोय मी," दादा म्हणाला, आणि त्या उतरू लागल्या तेव्हा त्यानं त्यांचा कोपर धरला.

वहिनींनी घोस नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"वास जरा कमी आहे," त्या मला म्हणाल्या. "तिकडे जास्त यायचा." मग त्यांनी एक फूल अंबाड्यात खोचलं आणि कणीक मळायला आत गेल्या.